‘थेंब मागितले, डोळ्यात सुई टोचली’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी आईंचा डोळा लाल झाला, दुखू लागला. थेंब घ्यायला आलो, तर मशीनवर तपासायचं सोडून डोळ्यासमोर नुसता हात हलवत बसले आणि रिपोर्टच्या आधीच डोळ्यात इंजेक्शन दिलं, बिल वाढवायला, असं आपण लिहिलंय.

आईच्या डोळ्यात सुई जाणार म्हटल्यावर कुणाचाही जीव घाबरा होईल. तरीही तो निर्णय मी आजही तसाच घेईन. आईंचे रिपोर्ट इथे चारचौघांत मांडणार नाही; आपण लिहिलंत तेवढ्यालाच धरून बोलतो.

ऑपरेशननंतर सुधारलेली नजर पुन्हा अंधुक होऊ लागली, दुखणं वाढत गेलं, पापणी सुजली, तर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग, म्हणजे एन्डोफ्थॅल्मायटिस, झाला असावा असंच आम्ही धरून चालतो. यात पडदा काही तासांतही खराब होऊ शकतो, आणि थेंबांचं औषध आतल्या जेलीपर्यंत पुरेसं पोचत नाही. म्हणून आतला थोडा द्रव सुईने काढून तपासणीला पाठवायचा आणि त्याच वेळी व्हॅन्कोमायसिन व सेफ्टाझिडिम ही अँटिबायोटिक्स आत सोडायची. या दोन औषधांत बहुतेक जंतू येतात. कल्चरला, म्हणजे त्या द्रवातले जंतू वाढवून ओळखायला, दिवस लागतात. तेवढं थांबलो असतो तर डोळा हातचा गेला असता.

आता हात हलवण्याबद्दल. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ साली आले. मोतीबिंदूनंतरच्या अशा संसर्गात पेशंटला हाताची हालचाल दिसत असेल, तर इंजेक्शन आणि व्हिट्रेक्टॉमीचं, म्हणजे आतली जेली काढण्याचं, मोठं ऑपरेशन यांचा निकाल सारखाच लागला. फक्त उजेडच कळत असेल, तर मात्र लगेच ऑपरेशन केलेलं बरं ठरलं. आपल्याला वरवरची वाटली ती तपासणी हेच ठरवण्यासाठी होती, आणि त्या घडीला तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी नव्हती. शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकचा जादा फायदा त्या अभ्यासात दिसला नाही, म्हणून अ‍ॅडमिट करून सलाइनही लावलं नाही.

वेळेत उपचार होऊनही काहींची नजर पूर्ण परत येत नाही. ती परत येईलच, अशी खोटी खात्री मी कुणालाच देत नाही.

बिलातली एकेक ओळ मी स्वतः समजावून सांगेन, कल्चरच्या रिपोर्टची प्रतही देईन. मात्र मधेच दुखणं वाढलं किंवा नजर कमी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, रात्र असली तरी आईंना थेट घेऊन या.

– संचालक व नेत्रतज्ज्ञ