खुलासा : माळ्यावरची सोळा बोअर आणि परवाना

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: वाड्याच्या माळ्यावर आजोबांची सोळा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप) दुनळी बंदूक सापडली तर ती पुराणवस्तू, परवाना लागत नाही, दुरुस्त करून खुशाल वापरा.

हे साफ चूक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट, दुरुस्ती करूनही बार काढता येणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. दुरुस्त होणाऱ्या बंदुकीला परवाना हवाच. परवानाधारक वारले असतील तर ती आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसाने अर्ज करावा.

‘सोळा बोअरची नळी बारा बोअरपेक्षा मोठी’ हा समजही उलटा. पौंडभर शिशाच्या सोळा एकसमान गोळ्या केल्या, की एका गोळीचा व्यास तोच नळीचा, सुमारे १६.८ मिमी. बाराची नळी १८.५.

खरी मेख चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची. बऱ्याच जुन्या युरोपीय सोळा बोअरचं चेंबर ६५ मिमी, आजचं काडतूस तोंड उघडल्यावर ७०. तोंड दुमडलेलं असताना ते आत बसतं, म्हणूनच फसगत होते: उडताना तोंड पुरतं उघडत नाही, दाब वाढतो. नागमोडी नक्षीच्या दमास्कस नळीत तर आधुनिक काडतूस नकोच. पॉलिशआधी परवानाधारक कारागिराकडून नळी-चेंबर मोजून घ्या. इतकी देखणी वस्तू घाईत बिघडवू नका.

आणि सातपुड्यातली शिकार? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार तो गुन्हा आहे.