गाडी चालतीय ना, मग इंजिन कशाला खोलायचं?

परवा सकाळी सहालाच मावसभावाचा फोन, ऑकलंडला असतो, २००४ ची माझदा आरएक्स-८ आहे त्याच्याकडं. "गार असताना एका सेल्फमध्ये चालू होते रे, गरम झाल्यावर बंद केली की मग नुसती घरघर. इथला मेकॅनिक म्हणतोय इंजिन काढा." आता मी सांगलीत बसून काय सांगणार, माझं आयुष्य यामाहा आरएक्स १०० बाईकमध्ये गेलं, नावातला आरएक्स सोडला तर दोन्हीचं नातं काय. पण लक्षण ओळखीचं वाटलं.

म्हणलं आधी कॉम्प्रेशन बघ, म्हणजे इंजिनात हवा किती दाबली जातीय ते. तर गडी साधा पिस्टनवाला गेज लावून बसला! अरे आरएक्स-८ चं इंजिन रोटरी, पिस्टनऐवजी आत दोन तिकोनी रोटर फिरतात. रोटरला तीन बाजू, साध्या गेजमधला व्हॉल्व्ह त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो आणि मेलेल्या बाजू झाकल्या जातात. रोटरीचा वेगळा टेस्टर येतो, तो तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवतो. इंजिन गरम पाहिजे, थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल बंद आणि बॅटरी फुल, कारण कंपनीचे आकडे २५० आरपीएमचे आहेत. नवीन इंजिनला ८.५ किलो (चौरस सेंटिमीटरला), ६.९ च्या खाली गेलं की संपलं, एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीडपेक्षा जास्त फरक चालत नाही, दोन रोटरमध्ये एक. ह्याची बॅटरी मेलेली, त्यामुळं पहिल्यांदा सगळेच आकडे पडलेले आले आणि साहेब रडायला लागले.

बॅटरी बदलून परत बघितलं, पुढचा रोटर ७.२, ७.१, ७.२. मागचा ६.९, ५.६, ५.५. शेजारच्या दोन बाजू एकदम पडल्यात म्हणजे बहुतेक त्या दोघींच्या मधलं एपेक्स सील गेलंय, रोटरच्या टोकावरची ती बारीक पट्टी.

आता माझं मत, पटलं तर घ्या. मी काही लगेच इंजिन खोला म्हणणाऱ्यातला नाही, २०२२ ला एकानं माझ्या आरएक्सला गेज न लावताच बोअर मारला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा केला, पैसे गेले आणि नंतर कळलं कार्बोरेटरजवळ हवा ओढत होती. पण रोटरीत "चालतीय तोवर चालवू" हे लई महागात जातं. आपल्या बाईकचा ब्लॉक ओरखडला तर बोअर मारायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा, गाडी परत रस्त्यावर. रोटरीच्या हाउसिंगला, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचाला, आतून क्रोमचा थर असतो, तिथं बोअर मारून ओव्हरसाइज रोटर टाकायची सोयच नाही. सील तुटून तुकडा आत फिरला की हाउसिंग गेलं, रोटरपण जाऊ शकतो. म्हणून सातच्या वर आकडे, तिन्ही सारखे आणि गरम सुरू होत असेल तर खुशाल चालवा. ह्याच्यासारखं असेल तर हाउसिंग शाबूत आहे तोवरच काढा, तेव्हा सील-स्प्रिंगांवर भागायची आशा तरी असते.

हे सगळं त्याला तासभर सांगितलं. तो म्हणतोय दिवाळीनंतर बघू, सध्या गाडी उतारावर लावतोय.