प्लास्टरखालची लव अन् माझा हात: एका कमेंटला उत्तर

दादा, मोडलेल्या, दुखऱ्या हातावर केस वाढतात या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. "मनगट मोडून प्लास्टर घातलं की आत केस वाढतातच, माझ्या आईचे पण वाढले होते अन् आपोआप गेले, दुखण्याचा अन् केसांचा काय संबंध, उगी लोकांना कामून भेवडवायलात" असं तुम्ही लिहिलंत. प्लास्टरचं तुमचं बरोबर आहे. प्लास्टरखाली लव दाट होते, ते निघाल्यावर काही महिन्यांत कमी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे मूळ पोस्टमधे यायला पाहिजे होतं, माझ्याकडून राहिलं.

पण माझ्या हाताचं वेगळं होतं. टँकरचं पाणी भरताना अंगणात घसरून पडले, सहा आठवडे प्लास्टर. काढलं तेव्हा हाड जुळलेलं, एक्सरे चांगला, अन् हात नुसता जळायला, साडीचा पदर घासला तरी डोळ्यात पाणी यायचं. अन् केस आले ते बोटांच्या पाठीवर पण, जिथं प्लास्टर नव्हतंच! काळे, जाड. दुसऱ्या हाताशेजारी धरला की दोन वेगळ्या माणसांचे हात वाटायचे. नखं त्याच हाताची भरभर वाढायची, कातडी चकाकायची, कधी लालभडक गरम, कधी निळसर गार, अन् घाम फक्त त्याच तळव्याला. पहिल्या डॉक्टरांनी "मनावर घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्यांनी दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवायला लावले, केस बघितले, नखं बघितली, अन् म्हणले हे सीआरपीएस आहे, म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम, दुखापत बरी झाली तरी त्या हाताचं नाहीतर पायाचं दुखणं जात नाही तो आजार.

या आजाराची एकच अशी खात्रीची टेस्ट नाही, डॉक्टर लक्षणं जुळवून ठरवतात. 2003 साली हंगेरीत बुडापेस्टला या आजाराचे तज्ज्ञ बसले होते, तिथं जे निकष ठरले त्यात सततचं दुखणं, कातडीचा रंग नि तापमान, घाम नि सूज, हालचाल यांच्यासोबत केस, नखं, कातडीतला बदल पण आहे. नुसत्या केसांवरून कोणी निदान करत नाही, मीही तसं म्हणत नाही. अन् हे नवीन फॅड पण नाही, अमेरिकेतल्या यादवी युद्धात गोळी लागून नस म्हणजे मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांची अशीच जळजळ अन् चकाकती कातडी सिलास वेअर मिचेल या डॉक्टरनं सोबत्यांबरोबर 1864 मधेच लिहून ठेवलीय.

होतं असं की दुखापत बरी झाली तरी नसा शांत होत नाहीत, कातडीत सूज आणणारी रसायनं सोडत राहतात, रक्तपुरवठा बिघडतो, अन् केसाचं मूळ त्याच रक्तावर जगतं. बहुतेक म्हणूनच बऱ्याच जणांना सुरुवातीला केस वाढतात अन् पुढं विरळ होतात. माझे पण आता विरळच झालेत.

मला वाईट कशाचं वाटलं सांगू का, तुमच्या "उगी" या शब्दाचं. दुखणं कोणाला दिसत नाही हो, सासरी माहेरी सगळ्यांना वाटायचं हिला काम नको. केस मात्र दिसत होते. त्या केसांमुळं माझ्यावर विश्वास बसला अन् फिजिओथेरपी वेळेत सुरू झाली, आधी कापूस फिरवायचा, मग सुती फडकं, मग टॉवेल, मग ज्वारीच्या डब्यात हात घालून हळूहळू फिरवायचा. पहिल्या दिवशी दहा सेकंद पण नाही जमलं. आता भाकरी थापते, दोनच, पण थापते.

तुमच्या आईची लव गेली हे चांगलं झालं. त्यांची मूठ पूर्ण वळते का, अन् गार पाणी लागल्यावर हात दुखतो का, तेवढं विचारून इथंच सांगा.