परिषदेतला कर्मचारी प्रतिनिधी गप्प बसायला नसतो

विद्यापीठात निवडणुकीचे दिवस आले की एक मजकूर कर्मचाऱ्यांमध्ये हातोहात फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘विद्यापीठाचा कारभार ठरवणाऱ्या व्यवस्थापन परिषदेवर निवडून गेलेला कर्मचारी हा कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी राहत नाही, तो संस्थेचा विश्वस्त होतो. नोकरीच्या अटींचा विषय निघाला की त्याने बाहेर जावं. बैठकीतलं काही कुणाला सांगू नये. पगार-बढतीसाठी संघटना आहेच. आणि वीस-पंचवीस जणांत दोन मतांनी होणार काय?’

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्या आडोशाने बाकीची चार खपून जातात. म्हणून एकेक विधान तपासू.

‘तो विश्वस्त होतो.’ सदस्याने साऱ्या संस्थेचं हित पाहावं आणि चर्चा ऐकून स्वतःच्या बुद्धीने मत द्यावं, ही अपेक्षा रास्त आहे. संघटनेचा ठराव खिशात घालून जायचं आणि समोर काहीही आलं तरी तेच मत द्यायचं, हे चूकच. पण मत आदेशाने बांधलेलं नसणं वेगळं आणि कर्मचाऱ्यांची बाजू सभागृहापुढे न येणं वेगळं. परिषदेच्या टेबलावर येणारे प्रस्ताव वरून खाली पाहून लिहिलेले असतात; काम प्रत्यक्ष कसं चालतं हे सांगणारं माणूस तिथे हवं, म्हणून ती जागा आहे. स्कॉटलंडच्या 2016 च्या उच्चशिक्षण प्रशासन कायद्यात नियामक मंडळावर कर्मचाऱ्यांनी निवडलेले दोन सदस्य आहेतच. त्याशिवाय शिक्षकांच्या संघटनेने सुचवलेला एक आणि सहायक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने सुचवलेला एक, असे आणखी दोन आहेत. संघटनेचा माणूस आणि जबाबदार सदस्य यांत मुळातच विरोध असता तर कायद्यात अशी तरतूद आलीच नसती.

मात्र बाजू कशी मांडायची हे शिकावं लागतं. ‘कर्मचारी नाराज होतील’ हे वाक्य सभागृहात दोन मिनिटंही टिकत नाही. समजा, परीक्षा विभागातली नोंदणीची कामं बाहेरच्या कंपनीकडे देण्याचा प्रस्ताव आहे. तिथे विचारायचं ते हे: आज हे काम किती जण करतात, वर्षातल्या कोणत्या आठवड्यांत ते दुप्पट होतं, चुका दुरुस्त करण्याचं काम कराराच्या किमतीत धरलं आहे का, करार मोडला तर पहिल्या दिवशी कोण बसणार, आणि आताच्या माणसांना कुठे, कोणत्या तारखेपासून, कोणत्या सेवाज्येष्ठतेने सामावून घेणार? हे प्रश्न संस्थेच्या हिताचे आहेत आणि कर्मचाऱ्यांच्याही. उत्तरं तयार नसतील तर विषय पुढच्या बैठकीपर्यंत स्थगित ठेवण्याची सूचना मांडायची आणि तिला अनुमोदक आधीच पाहून ठेवायचा.

‘नोकरीच्या अटींचा विषय आला की बाहेर जावं.’ या एका वाक्याने सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण नवे सदस्य ते ऐकून खरोखरच उठून जातात. हितसंबंधाच्या नियमाचा गाभा साधा आहे: निर्णयाचा फायदा किंवा तोटा तुम्हाला व्यक्ती म्हणून होणार की एका मोठ्या वर्गाचा भाग म्हणून? तुमची बढती, तुमच्याविरुद्धची चौकशी, तुमच्या नातेवाइकाची नेमणूक, तुमच्या घरच्यांच्या फर्मला मिळणारं कंत्राट, अशा वेळी बाहेर जायचंच, कुणी सांगण्याची वाट न पाहता. पण रजेचे नियम, वेतनश्रेणीचं धोरण, शेकडो जणांना लागू होणारा आकृतिबंध (कोणत्या विभागात किती पदं याचा आराखडा) हे सामायिक हित झालं. तेवढ्यावरून बाहेर काढायचं ठरलं तर कुलगुरू, अधिष्ठाता आणि कुलसचिव हेही पगारदारच आहेत. त्यांनाही उठावं लागेल आणि गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान उपस्थिती, उरायची नाही.

अध्यक्षांनी बाहेर जायला सांगितलं तर वाद घालू नये, क्रम पाळावा. हितसंबंधाचं स्वरूप स्वतःहून जाहीर करा: ‘या संवर्गातला कर्मचारी म्हणून सर्वांइतकाच’. मग कोणत्या कलमाखाली बाहेर जायचं ते विचारा. निर्णय इतिवृत्तात नोंदवून घ्या. तरीही जावं लागलं तर जाण्या-येण्याची वेळ आणि त्या काळातली उपस्थिती नोंदवायला सांगा. अनेक नियमावल्यांत बाहेर गेलेला सदस्य त्या विषयापुरता गणपूर्तीत धरत नाहीत, आणि निर्णय पुढे याच मुद्द्यावर अडू शकतो. तोंडी विनंती पुरत नाही. विषयपत्रिका हातात पडताच, बैठकीच्या आधीच, कुलसचिवांना लेखी विचारलेलं बरं, कारण ऐन सभेत अध्यक्षांना नियम उलगडत बसायला वेळ नसतो आणि ते सोपा मार्ग धरतात.

‘बैठकीतलं सांगू नये.’ गोपनीयता विषयाला असते, अख्ख्या बैठकीला नसते. व्यक्तींची नावं, उघडलेल्या नसलेल्या निविदांचे दर, वकिलांचा सल्ला आणि कोण काय बोललं हे बाहेर जाता कामा नये. ते फुटलं तर पुढच्या वेळी कागदच मिळणार नाहीत, आणि तेही योग्यच. पण निर्णय, त्याची अंमलबजावणीची तारीख आणि कायम झालेलं इतिवृत्त हे सांगण्यासाठीच असतं. बैठक संपताना एक प्रश्न विचारायची सवय लावावी: ‘आजचे कोणते विषय गोपनीय आणि कधीपर्यंत?’ उत्तर नोंदलं गेलं की उरलेल्या विषयांवर दोन-तीन दिवसांत एका पानाचं निवेदन काढता येतं. ते विषयवार लिहावं, माणसांवर नको. निवेदन उशिरा निघालं की अफवा आधी पोचते आणि मग प्रतिनिधीचा सगळा वेळ ती खोडण्यात जातो.

‘संघटना आहेच.’ आहे, आणि असायलाच हवी. पण संघटना ज्या टेबलावर बसते तिथे आधी ठरलेल्या पदांच्या अटींवर बोलणी होतात. पदं किती, कोणता विभाग कशात विलीन, कोणतं काम बाहेर द्यायचं हे परिषदेत ठरतं. एका टेबलावरचा माणूस दुसऱ्याची जागा भरू शकत नाही. परिषदेत पगाराची घासाघीस करू नये, हे मात्र त्या मजकुरातलं न लिहिलेलं पण खरं सूत्र आहे.

याच संदर्भात अमेरिकेतल्या येशिवा विद्यापीठाच्या खटल्याचा दाखला दिला जातो. 1980 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी म्हटलं की त्या विद्यापीठाचे पूर्णवेळ प्राध्यापक व्यवस्थापकीय कर्मचारी ठरतात, म्हणून कामगार कायद्याचं सामूहिक सौद्याचं, म्हणजे संघटनेमार्फत बोलणी करण्याचं, संरक्षण त्यांना नाही. त्यावरून ‘कारभारात गेलात की संघटनेचा हक्क गेला’ असा निष्कर्ष काढणं ओढूनताणून आहे. तो निकाल एका खासगी विद्यापीठाचा होता, आणि तिथे अभ्यासक्रम, वेळापत्रक, प्रवेशाची व गुणांकनाची धोरणं प्राध्यापकच ठरवत होते. परिषदेतल्या दोन जागा म्हणजे तसा ताबा नव्हे.

‘दोन मतांनी काय होणार?’ मतविभागणीपर्यंत विषय गेला तर खरंच फार काही होत नाही. पण परिषदेत मतविभागणी क्वचितच होते. विषय त्याआधी समित्यांमध्ये आकार घेतो. म्हणून निवडून आल्यावर पहिली मागणी वित्त समितीच्या किंवा पदं-नेमणुका पाहणाऱ्या आस्थापना समितीच्या जागेची करावी. अंदाजपत्रक परिषदेपुढे येतं तेव्हा आकडे जवळजवळ गोठलेले असतात. हात घालायचा तो त्याआधी काही महिने, गृहीतकांमध्ये. एक गृहीतक नेहमी पाहावं: रिक्त पदं अमुक महिने रिकामीच राहतील असं धरून पगाराच्या रकमेत आधीच कपात केलेली असते. समजा 40 पदं आणि प्रत्येकी 6 महिने. म्हणजे 20 माणसांचं वर्षभराचं काम कुणीतरी जास्तीचं करणार आहे, आणि ते अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही. हा हिशेब समितीत एकदा मांडला की परिषदेपुढे जाणारी टिपणीच बदलते. मत देण्याची वेळच येत नाही.

जागांची संख्या क्षुल्लक आहे असं न्यायालयांनीही मानलेलं नाही. जर्मनीत लोअर सॅक्सनीच्या 1971 च्या कायद्याने विद्यापीठाच्या मंडळांवर प्राध्यापक, त्यांच्या हाताखालचे शैक्षणिक सहायक, विद्यार्थी आणि इतर कर्मचारी असे गट बसवले. संघीय घटना न्यायालयाने 29 मे 1973 च्या निकालात ही गटरचना घटनाबाह्य ठरवली नाही. मात्र अध्यापनाच्या प्रश्नांत प्राध्यापकांचं वजन निम्मं आणि संशोधन व प्राध्यापकांच्या नेमणुकांत निर्णायक असावं, असं सांगितलं. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा संशोधन-अध्यापनाच्या निर्णयांतला सरसकट सहभागही नाकारला. म्हणजे कोणत्या विषयात कुणाचं किती वजन हा प्रश्न खरा आहे, आणि तो विषयागणिक सोडवायचा असतो.

शेवटी, त्या मजकुराने जे विचारलंच नाही ते. ‘कर्मचारी’ म्हणजे कोण? युनेस्कोच्या 1997 च्या शिफारशीत अध्यापकांना शैक्षणिक मंडळांवरचे बहुसंख्य प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार असावा असं म्हटलं आहे, पण ती शिफारस अध्यापकांपुरती आहे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, लेखा, परीक्षा, वसतिगृह इथली माणसं तिच्यात येत नाहीत, आणि शिक्षकांचा प्रतिनिधी त्यांच्या वतीने आपोआप बोलत नाही. कंत्राटी माणसं तर मतदारयादीतूनच गळतात: करार 6 महिन्यांचा, मध्ये काही दिवसांचा खंड, आणि पात्रतेची तारीख नेमकी त्या खंडात. यादीवर हरकत घेण्याची मुदत थोडी असते आणि ती संपली की पाच-पाच वर्षं बदल होत नाही. निवडणूक जाहीर होताच आधी पात्रतेची तारीख पाहावी, विभागवार नावं आस्थापनेच्या नोंदीशी ताडावीत आणि गळालेल्या प्रत्येक नावासाठी स्वतंत्र लेखी हरकत द्यावी, नेमणूकपत्राच्या प्रतीसह. पोच घ्यायला विसरू नये.