चार कामट्यांची तलवार

केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, शिकायला लागलो तेव्हा डोळ्यांपुढे सामुराई होता. हल्ली पॉलिश पेपर असतो.

टोकियोत निशी-कासाईला आम्ही राहतो. आठवड्यातून दोनदा मी शिनाई खांद्याला लावून सरावाला जातो. शिनाई म्हणजे बांबूची तलवार. मोठ्या पुरुषांची लांबीला फार तर १२० सेंटीमीटर, वजनाला किमान ५१० ग्रॅम. लांबून एकसंध काठी वाटते. प्रत्यक्षात चार कामट्या, टोकाला कातडी टोपी, मुठीला कातडी पिशवी आणि दोघींना ताणून धरणारी दोरी. थोडक्यात, आकाशकंदिलाचंच सामान, फक्त याने माणसं बडवायची.

सरावाआधी कामट्यांवरून बोट फिरवून बघायचं. कूस निघाली असेल तर घासायची, तेल पाजायचं. कारण ती कूस समोरच्याच्या मुखवट्याच्या जाळीतून थेट डोळ्यात जाऊ शकते. त्यावरून मला आपली कुसळ-मुसळाची म्हण आठवली. मुसळाला जपानीत ‘किने’ म्हणतात हे शोधून काढून मी ती सेन्सेईंना, म्हणजे आमच्या गुरुजींना, ऐकवलीसुद्धा. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि माझ्याच शिनाईवर बोट ठेवलं. पेराखाली कामटी तडकली होती.

तयार शिनाई महाग, नुसता बांबू स्वस्त. कोथिंबिरीबरोबर कढीपत्ता फुकट मागणाऱ्या घराण्यातला मी, बांबूच आणला. बाकीचं सामान जुनं आहेच की!

रात्री साडेनऊला बसलो. मुठीची पिशवी इतकी घट्ट की बांबू अर्ध्यात अडकला. पायाने दाबला, जमिनीवर आपटला. खालच्या मजल्यावरच्या आजींची आठवण झाल्यावर उशीवर आपटला.

“ओल्या अंगावर चुडीदार चढवल्यासारखं काय करतोयस?” बायको म्हणाली.

मग टोकात रबरी बूच, त्यावर टोपी आणि दोरी. पायजम्यात नाडी ओवण्याचा अनुभव कामी येईल असं वाटलं होतं. पण पायजम्याची नाडी सैल राहिली तर फक्त अब्रू जाते. ही सैल राहिली तर टोपी निसटते आणि कामट्या सुटून समोरच्याच्या तोंडावर. म्हणून पाय भिंतीला लावून ओढली. दोन बोटं सोलली. टोकापासून पाव लांबीवर कातडी पट्टी बांधायची असते, तिचे तीन वेढे मारले आणि पावणेबाराला शिनाई डोक्यावर उगारून उभा राहिलो. खरं सांगतो, सामुराई दिसला.

“हे तुझं का रे?”

बायकोच्या तळहातावर नखाएवढा पत्र्याचा चौकोन. चिगिरी! मुठीच्या आत, चारही कामट्यांच्या खाचांत बसतो आणि त्यांना जागचं हलू देत नाही. सगळ्यात आधी घालायचा असतो.

“तुझ्या चहाच्या कपाखाली होता.”

मी मुकाट्याने नाडी सोडायला बसलो.