लेझर मारला की समुद्रावरचं तेल गायब?

‘जहाजावरून लेझर मारला की सांडलेलं तेल क्षणात वाफ होऊन नाहीसं होतं. काळं तेल प्रकाश शोषतं, पाणी नाही, म्हणून समुद्राला धक्काही लागत नाही. तेल कंपन्या हे दडवतात.’ हा संदेश पुन्हा फिरतो आहे.

आधी ‘क्षणात’. एक किलो कच्चं तेल तापवून त्याची वाफ करायला ढोबळमानाने एक मेगाजूल ऊर्जा धरा. म्हणजे १०० किलोवॅटच्या दांडग्या लेझरला एका टनासाठी पावणेतीन तास लागणार, तेही कणभर उष्णता वाया गेली नाही तर. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’मधून सुमारे ३७,००० टन तेल सांडलं. रात्रंदिवस लेझर चालवला तरी अकरा वर्षांच्या वर!

आणि उष्णता वाया जातेच. इंद्रधनुषी दिसणारा तवंग जेमतेम ०.३ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो. तो काळा कुठला? इन्फ्रारेड प्रकाश तर पाणीही जोरात शोषतं. शिवाय थराखालचं गार पाणी सगळी धग ओढून घेतं. म्हणूनच दोन-तीन मिलिमीटरांहून पातळ तवंग सहसा पेटतही नाही.

‘नाहीसं होतं’ म्हणजे हवेत जातं, एवढंच. जड, डांबरासारखा भाग मागे उरतो. १९९१ मध्ये इटलीजवळ ‘हेवन’ टँकर जळाला, तेव्हा असाच चिकट अवशेष तळाशी जाऊन बसला.

दडवण्याचं म्हणाल, तर तवंग लेझरने पेटवण्याचे प्रयोग कॅनडात १९८०च्या दशकात झाले आणि निबंध उघडपणे छापले गेले. पण जाड थर एकदा पेटला की तेल स्वतःच किलोमागे चाळीसेक मेगाजूल उष्णता देतं, ठिणगी पुरते. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं, तेव्हा चारशेच्या आसपास वेळा ते मुद्दाम जाळलं. साधन काय? जेलसारखं घट्ट केलेलं डिझेल प्लास्टिकच्या बरणीत, तिला बांधलेली जहाजावरची फ्लेअर (इशाऱ्यासाठी पेटवायची नळकांडी), आणि ती बोटीतून सोडून द्यायची. खरी मेहनत होती ती आगरोधक बूम, म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांब अडसर, दोन बोटींनी ओढत तेल गोळा करून थर जाड करण्याची.

लेझर या कामात आहे, पण तेल शोधायला. विमानातून अतिनील लेझर टाकला की तेल स्वतःचा वेगळा प्रकाश परत फेकतं. त्यावरून हलकं तेल की जड, की नुसतंच शेवाळ, हे रात्रीही कळतं. बर्फावर सांडलेलं तेलसुद्धा त्यातून सुटत नाही.