पगार सोडून बाकीचं

एक्झिक्युटिव्ह असिस्टंट ठेवायचं म्हटलं की जो तो पगाराचं विचारतो. पगार हा त्यातला सगळ्यात सज्जन खर्च. महिन्यातून एकदा येतो, आकडा सांगून येतो आणि निमूट निघून जातो. एजन्सीची फी, लॅपटॉप, प्रत्येक सॉफ्टवेअरचं आणखी एक लायसन्स, यांचीही निदान बिलं येतात.

ज्याचं बिल येत नाही ते म्हणजे शिकवणं. माझी कामं मी कशी करतो हे समजावायला बसलो, तेव्हा कळलं की मी ती कशीही करतो.

"सर, विमानात सीट कुठली?"

"खिडकीची. म्हणजे, लांबचा प्रवास असेल तर कडेची."

"आणि या गृहस्थांना फोन कधी करायचा?"

"करायचा नाही. पण तसं सांगायचंही नाही."

मॅडमनी सगळं वहीत उतरवून घेतलं. आपला स्वभाव दुसऱ्याच्या सुवाच्य अक्षरात वाचायला फार धीर लागतो.

मग पासवर्ड. ते सगळे देऊन टाकले, पण ओटीपी मात्र माझ्याच फोनवर येत राहिले. त्यामुळे भर मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून मी सहा आकडे टाइप करतो. "सर, हा एक्स्पायर झाला. दुसरा येईल." तिकीट काढण्यात माझा वेळ जाऊ नये, म्हणून ही सगळी व्यवस्था.

पार्किन्सन नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १९५५ सालीच लिहून ठेवलंय की कामाने थकलेला साहेब हाताखाली माणसं घेतो आणि शेवटी पूर्वीपेक्षा जास्त राबतो. त्याने हे सरकारी कचेरीबद्दल लिहिलं होतं. माझी कचेरी सरकारी नाही, एवढाच काय तो फरक.

कॅलेंडर तर आता माझं राहिलेलंच नाही.

"मंगळवारी दुपारी मी मोकळा आहे ना?"

"नाही सर, बिझी आहात."

"कशात?"

"फोकस टाइममध्ये."

मध्यंतरी एका परिचितांशी पाच मिनिटं बोलायचं होतं. त्यांनाही असिस्टंट आहे. दोन्हीकडून मेल सुरू झाले: ही वेळ चालेल का, ती चालेल का, लिंक कोण पाठवणार, सीसीत कोण. तेवढ्यात ते गृहस्थ मला लिफ्टमध्येच भेटले. दहा मजले आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. उतरताना ते म्हणाले, "बोलू या आपण. ती दोघं वेळ ठरवतायत." मीही मान डोलावली. ठरलेलं बिघडवायला नको.

मॅडम रजेवर गेल्या की तर विचारूच नका. फाइल कुठे आहे हे मला ठाऊक नसतं, आणि ती शोधायची कुठे हेही. जाताना त्या हँडओव्हर नोट ठेवून जातात. ती कुठे ठेवली आहे हे विचारायला त्यांनाच फोन करावा लागतो.

परवा त्यांच्या पगारवाढीची शिफारस करायची होती. माझी सगळी पत्रं आता त्याच लिहितात, तेव्हा याचाही ड्राफ्ट वेळेवर आला. भाषा संयमी, विशेषणं मोजकी, आकड्याची जागा कोरी. बाजूला एक नम्र टीप होती: "सर, अशा पत्रात तुम्ही आधी कमी आकडा लिहिता आणि संध्याकाळी तो वाढवता. या वेळी थेट संध्याकाळचाच लिहू का?"